गाड्यांपुढे झेंडे कशाला? नागपुरातल्या मोटारवेड्या मंडळींना खुले पत्र

राजे हो,

हिवाळ्यातल्या मेळाव्याचा तुमचा निरोप मिळाला. जुन्या आणि नव्या गाड्या यंदा एकाच मैदानात, हे वाचून बरं वाटलं. पण पुढे लिहिलंय, की गाड्या देशवार लागतील, प्रत्येक रांगेपुढे त्या देशाचा झेंडा राहील आणि शेवटी 'गाड्या बनवण्यात कोणता देश भारी' यावर सगळे मत देतील. माझा आक्षेप या झेंड्यांना आहे. समोरासमोर सांगितलं असतं, पण आपल्या फुटाळ्याच्या कट्ट्यावर दोन वाक्यं पुरी व्हायच्या आत कोणीतरी "जर्मन गाडीले तोड नाही बे" म्हणतो, दुसरा "जपानी इंजिन खोलायची वेळ आली का कधी?" म्हणतो, आणि तर्री-पोहे थंड होतात. म्हणून लिहून काढतोय. आधी वाचा, मग भांडू.

मी सुट्या भागांचं दुकान चालवतो, हे तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. तुम्ही गाडी समोरून बघता, आम्हाला ती खालून आणि आतून दिसते. काउंटरवर येणारा माणूस "इटालियन गाडीचा पेट्रोल पंप द्या" असं म्हणत नाही. तो पिशवीतून तेलकट फडक्यात गुंडाळलेला जुना पंप काढतो, काचेवर ठेवतो आणि म्हणतो, "असाच पाहिजे." मग मी बोल्टाच्या भोकांमधलं अंतर बघतो, लिव्हरचा बाक बघतो, आणि कित्येकदा भलत्याच गाडीचं नाव छापलेल्या डब्यातून पंप काढून देतो. तो बसतो. असं करता करता गाड्यांची जी वंशावळ डोक्यात तयार झाली, ती तुमच्या झेंड्यांच्या रांगांशी कुठे म्हणजे कुठेच जुळत नाही.

फियाट १२४ घ्या. १९६६ साली इटलीत आली आणि १९६७ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली. चौकोनी, हलकी, आणि त्या काळी साध्या घरगुती गाडीत सहसा न मिळणारी गोष्ट म्हणजे चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्याच १९६६ साली सोव्हिएत सरकारने फियाटशी करार केला. व्होल्गेच्या काठी ज्या गावात कारखाना उभा राहिला त्याचं नाव तोल्यात्ती, तेही पाल्मिरो तोल्यात्ती या इटालियन कम्युनिस्ट पुढाऱ्यावरून. १९७०पासून तिथून हीच गाडी झिगुली म्हणून बाहेर पडायला लागली, आणि परदेशात लाडा या नावाने ओळखली गेली. दिसायला जुळी बहीण, पण रशियनांनी तिच्यात आठशेवर बदल केले होते. पत्रा जाड केला. जमिनीपासूनची उंची वाढवली. मागचे डिस्क काढून ड्रम बसवले, कारण चिखल आणि खडी असलेल्या रस्त्यावर उघडी डिस्क लवकर झिजते, ड्रमच्या आत घाण कमी जाते. इंजिन बदललं, त्यातल्या झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, वर नेला. आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरीने मान टाकली तर पुढून हँडल मारून गाडी चालू करायची सोय ठेवली.

म्हणजे इटलीतल्या गुळगुळीत रस्त्यांसाठी काढलेली गाडी रशियाच्या हिवाळ्याने बदलून घेतली. याच गाडीला स्पेनने सेआत म्हटलं, तुर्कस्तानने मुरात म्हटलं. आणि १९८५ साली आपल्या मुंबईच्या प्रीमियरने तीच अंगकाठी घेऊन तिच्यात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन आणि गिअरबॉक्स घातला. ११८ एनई.

आपल्या मंडळात एक पांढरी ११८ एनई आहे, अजून छान पळते. आता सांगा, तिला कोणत्या झेंड्याखाली उभी करणार? बॉडी बघितली तर इटालियन, बॉनेट उघडलं तर जपानी, पासिंग महाराष्ट्राचं. उद्या एखाद्याने कुठून लाडा आणली, तर ती रशियाच्या रांगेत आणि ही भारताच्या रांगेत, आणि मध्ये तीन रांगांचं अंतर! अहो, सख्ख्या बहिणी त्या. शेजारी शेजारी उभ्या करा. दोघींची मागची चाकं, जमिनीपासूनची उंची, पत्र्याची जाडी पोराबाळांना हाताने तपासू द्या. इटली, रशिया आणि भारत यांच्यात फरक काय, हे तिथे पाच मिनिटांत कळेल.

याला उत्तर तयार असतं, की हे सगळं उसनवारीच्या देशांचं झालं, अस्सल देशांचं तसं नाही. बरं, अस्सल बघू.

ब्रिटिश रोव्हरची एसडी वन ही १९७६ची गाडी, तीही १९७७ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली. तिच्या साडेतीन लिटरच्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनाचा आवाज हा इंग्रजी अभिमानाचा विषय. ते इंजिन मूळचं अमेरिकेच्या ब्युइकचं. ब्युइकची मालक कंपनी जनरल मोटर्स, तिला ते नकोसं झालं होतं, रोव्हरने १९६५च्या सुमारास त्याचे हक्क घेतले. म्हणजे इंग्रजांचा लाडका आवाज अमेरिकेतून आलेला.

आणि त्या एसडी वनचं पुढे आपल्याकडे काय झालं, ते ऐकण्यासारखं आहे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ साली ती 'स्टँडर्ड २०००' म्हणून आणली. बाहेरून तीच देखणी, निमुळत्या नाकाची गाडी. आत मात्र व्ही-८ नाही. त्या जागी १९९१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळिशीच्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या घराण्यातलं. याच घराण्याचं इंजिन इंग्लंडात फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरलाही लागत असे. (आपल्या हिंगण्यात महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात, तेव्हा ट्रॅक्टरला कमी लेखायचं माझ्या मनात नाही. पण ट्रॅक्टरच्या नातलगाने स्पोर्ट्स गाडीचे कपडे घालू नयेत.) गाडी महाग, पेट्रोल पिणारी आणि दिसते तितकी पळत नसलेली. फार काळ टिकली नाही. यात मद्रासच्या इंजिनियरांना अक्कल नव्हती असं म्हणणारे मला भेटतात, आणि मला राग येतो. त्या काळात इंजिन बाहेरून आणायचं तर परवाना, परकीय चलन, आयातीवरचं बंधन. जे घरात बनत होतं तेच घालावं लागलं. ती गाडी भारतीय स्वभावाची नव्हे, भारतीय परवाना पद्धतीची गाडी होती. मेळाव्यात ती आली, तर तिच्यापुढे पाटीवर हे लिहा.

या परवान्यांच्या आधीचा काळही लोक विसरतात. जनरल मोटर्स १९२८ साली मुंबईत शिवडीला शेवरोले जुळवत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं, की नुसत्या जुळणाऱ्यांनी इथे राहू नये, बनवणाऱ्यांनी राहावं. १९५४ साली ती गेली. मग उरल्या अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारे गिऱ्हाईक.

आता अ‍ॅम्बेसेडर. ती मॉरिस ऑक्सफर्डची, हे पोरांनाही पाठ आहे. पण ती चौथ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या वेगानेही न गुरगुरता कशी ओढते, हा प्रश्न किती जणांनी विचारला? तिच्या जुन्या १४८९ सीसीच्या इंजिनात सिलिंडर ७३ मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची चाल ८९ मिलिमीटर. अरुंद आणि लांब. इंग्लंडात चाळिशीच्या अखेरीपर्यंत गाडीवरचा कर सिलिंडरच्या रुंदीवर आकारत. चाल कितीही लांब असो, तिची मोजदाद नाही. मग तिथल्या कारखान्यांनी पिढ्यानपिढ्या अरुंद भोकाची, लांब चालीची इंजिनं काढली. अशी इंजिनं फार गरगर फिरत नाहीत, पण कमी वेगाला दमदार ओढतात. कर गेला, कारखान्यांची सवय राहिली, आणि ती सवय बंगालातल्या उत्तरपाड्याच्या अ‍ॅम्बेसेडर कारखान्यामार्गे आपल्या नेत्यांच्या, डॉक्टरांच्या आणि लग्नाच्या गाडीत येऊन बसली. लंडनच्या करवसुलीवाल्याने आपल्या वऱ्हाडातल्या वराती चालवल्या म्हणा ना!

जपानचंही तसंच. तिथे छोट्या गाड्यांना करात सूट, पण अट अशी, की इंजिन ३६० सीसीच्या आत. ही मर्यादा १९७६ला ५५० झाली, १९९०ला ६६०. कमी जागेत जास्त माणसं आणि कमी पेट्रोल, ही विद्या सुझुकीला या अटीने शिकवली. १४ डिसेंबर १९८३ला आलेली मारुती ८०० याच शाळेत शिकलेली, फक्त निर्यातीसाठी इंजिन ७९६ सीसीचं. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, रस्ते लांब आणि सरळ, म्हणून तिकडे आठ सिलिंडर. १९७३ला तेल महागलं, तेव्हा हीच अमेरिका छोट्या जपानी गाड्यांच्या मागे लागली. स्वभाव एका रात्रीत बदलत नाही, पेट्रोलचा भाव बदलतो.

आणि आपण काही वेगळे नाही. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झालं. अट अशी, की पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. लगेच गाड्यांच्या डिक्या कापल्या जायला लागल्या. २००८ला इंडिगो सीएस आली, चार मीटरच्या किंचित आत बसणारी. स्विफ्ट डिझायर आधी चार मीटरहून लांब होती, २०१२ला तिची शेपूट छाटून ३९९५ मिलिमीटर केली. आपल्यापैकी कित्येक जण त्या डिझायरची डिकी बघून "हे काय ध्यान!" म्हणाले होते. कलाकाराचा दोष नव्हता, करपत्रकाचा होता. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीतही हीच चार मीटरची रेघ कायम आहे. रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. पन्नास वर्षांनी कोणी विचारलं, की भारतीय गाड्या मागून अशा तोडल्यासारख्या का दिसत होत्या, तर उत्तर दिल्लीत शोधावं लागेल.

म्हणून म्हणतो, देश दिसतो. पण तो झेंड्यात दिसत नाही. करात, रस्त्यात, तेलाच्या भावात आणि पान्यात दिसतो. हो, पान्यात! जुन्या मिस्त्र्यांना विचारा. अ‍ॅम्बेसेडर आणि जीपचे नट-बोल्ट इंची, फियाटचे मिलिमीटरचे. एकाच गॅरेजात दोन पेट्या लागायच्या. इंचीच्या जागी जवळपासचा एमएमचा पाना घालून जोर लावला, की बोल्टाचं डोकं गोल, आणि मग छिन्नी-हातोडी. नव्वदीत अ‍ॅम्बेसेडरमध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, तेव्हा गंमत झाली. इंजिनावर काम करायचं तर एमएमची पेटी, खाली चासीला हात घातला की बहुतेक इंचीची. एक गाडी, दोन पेट्या. तिला विचारा तुझा देश कोणता!

आता जरा अलीकडे येतो, कारण तरुण मंडळी म्हणतील काका जुन्यातच रमतात. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल, १२४८ सीसी. इटालियनांनी काढलेलं. इथे ते पुंतोत होतं, टाटांच्या विस्टा आणि मांझात होतं, आणि सुझुकीने परवाना घेऊन मानेसरला बनवून स्विफ्ट, डिझायर, एर्टिगात घातलं. प्रत्येकाने नाव वेगळं दिलं: डीडीआयएस, क्वाड्राजेट. लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे आणि ते खरंच होतं. आमच्या कट्ट्यावर दोन मित्र जपानी की देशी यावर तासभर वाद घालत होते. एकाची स्विफ्ट डिझेल, दुसऱ्याची विस्टा. दोघांच्या बॉनेटखाली एकाच घरचं इंजिन होतं, आणि ते घर तिसऱ्याच देशात होतं. मी मध्ये पडलो नाही. दोघंही माझे गिऱ्हाईक.

जर्मन भक्तांना मात्र एक आठवण करून देतोच. जानेवारी २०१४मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या धडकवल्या. त्यात फोक्सवॅगनची पोलोही होती, एअरबॅग नसलेली. तिचा सांगाडा टिकला, हे खरं. पण तारे मिळाले शून्य, बाकी चौघींइतकेच. मग कंपनीने बिनएअरबॅगची पोलो विकणं थांबवलं, आणि एअरबॅगवाल्या पोलोला चार तारे मिळाले. जर्मन पोलाद तेच होतं; युरोपात जे सक्तीचं किंवा रूढ होतं, ते इथे कोणी मागितलं नव्हतं. २०१८च्या डिसेंबरात पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन ठरली. मी टाटांची जाहिरात करत नाही. सांगायचं इतकंच, की मागणारे तयार झाले तशा देणाऱ्या गाड्याही झाल्या.

जुनी विरुद्ध नवी हा तुमचा दुसरा लाडका सामना. "जुन्या गाडीचा पत्रा बघ, रणगाडा आहे रणगाडा." ऐकायला छान वाटतं. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या संस्थेने २००९ साली १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मालिबू समोरासमोर धडकवल्या. त्याची चित्रफीत बघा. जुनीचा पुढचा भाग कागदासारखा आत आला, स्टिअरिंग चालकाच्या अंगावर, चालकाच्या जागी बसवलेल्या बाहुल्याच्या मापांवरून चालक वाचला नसता. नवीचा बॉनेट चुरगळला, पण माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहिला. पत्रा जाड असून उपयोग नाही, कुठला भाग चुरगळावा आणि कुठला मुळीच चुरगळू नये हे ठरवलेलं असावं लागतं. तेव्हा समृद्धीवर १२०च्या वेगाने मुंबईकडे निघायचं असेल, तर कृपा करून नवी गाडी घ्या. पद्मिनी घेऊन त्या रस्त्यावर शौर्य गाजवायला जाऊ नका.

उन्हाचंही तेच. नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी दोन वाजता वर्धा रोडच्या सिग्नलला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. तिचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असतो, आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल तो ओढून घेतो. उन्हाने आणि इंजिनाच्या आचेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ ओढता येत नाही, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर कोरडा पडतो, गाडी दोन आचके देऊन बंद. मग मालक बाटलीतलं पाणी फडक्यावर ओततो, फडका पंपावर ठेवतो आणि मागच्या हॉर्नांकडे दुर्लक्ष करायला शिकतो. दहा मिनिटांनी गाडी चालू होते, जणू काही झालंच नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, म्हणून ही भानगड जवळपास संपली. यात कोणत्या देशाचं कौतुक करायचं? इटालियन पंप असो की ब्रिटिश, आपल्या उन्हापुढे दोघांनीही हात टेकले होते.

पण एका बाबतीत मी जुन्याच्या बाजूने साक्ष देईन, आणि ती साक्ष दुकानदाराची आहे. अमेरिकेने १९४०च्या गाड्यांपासून सगळ्यांना सात इंची गोल दिवा ठरवून दिला. मग तो जगभर पसरला. जीपला तो, अ‍ॅम्बेसेडरला तो, इंग्लंडच्या मिनीला तो. रात्री कोंढाळीजवळ दिवा फुटला तर पहिल्या दुकानात मिळायचा आणि स्क्रू ड्रायव्हरने बसायचा. आजच्या गाडीचा दिवा त्या एका मॉडेलचा, त्या एका वर्षाचा, आख्खा एकजीव. आतली एक एलईडी पट्टी गेली तरी पूर्ण जोडच बदला म्हणतात. किंमत ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मीच चोर. दिव्यातला उजेड सुधारला, हे मान्य. पण दुरुस्ती माणसाच्या हातातून निघून गेली. कार्बोरेटर कानाने जुळवणारे मिस्त्री शहरात आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. तुमच्या चषकांपेक्षा मला त्यांची काळजी जास्त वाटते.

आता कायद्याबद्दल, कारण मेळाव्याच्या नियमात तुम्ही 'फक्त पन्नास वर्षांवरील गाड्या जुन्या धरल्या जातील' असं लिहिलंय. हे केंद्राच्या २०२१च्या नियमातून उचललंय, ते कळलं. त्या नियमात पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज ठरते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि दहा वर्षांची मुदत. ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तेल भरणं, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर काढायची. सरकारने सरकारच्या सोयीने रेघ मारली, ठीक. आपण मेळाव्यात तीच रेघ का मारायची? त्या हिशेबाने पहिली मारुती ८०० विंटेज व्हायला २०३३चा डिसेंबर उजाडेल, आणि २०१४ साली बंद पडलेली शेवटची अ‍ॅम्बेसेडर २०६४ला. तोवर राहतील किती? पंधरा वर्षं झाली की मोटारीच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये, आणि २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,०००. ज्या गाडीची बाजारात किंमतच तीस-चाळीस हजार, तिचा मालक भंगारवाल्याला फोन करतो. जुनी मर्सिडीज कोणीतरी सांभाळेलच, तिला पैसेवाले वाली आहेत. ज्या गाडीत निम्मं नागपूर पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने बसलं, ती मारुती ८०० मात्र या पंधरा ते पन्नासच्या मधल्या खड्ड्यात नाहीशी होते आहे. मुंबईची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी पानं भरली. ती धावत असताना तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

मारुतीवरून आठवलं. १९८६पासूनची नव्या रूपातली ८०० आणि पाकिस्तानातली सुझुकी मेहरान, या दोघी एकाच साच्यातल्या, इंजिन तेच तीन सिलिंडरचं ७९६ सीसी. आपल्याकडची २०१४ला संपली, त्यांच्याकडची २०१९ला. लाहोरात आणि नागपुरात दोन पिढ्यांनी क्लच सोडायला एकाच गाडीवर शिकून घेतलं. यांच्यापुढे कोणते झेंडे लावता, ते मला बघायचंच आहे.

तर माझं म्हणणं असं. झेंडे गोदामात राहू द्या. गाड्या घराण्याने लावा. मॉरिसचं घराणं एकीकडे, अ‍ॅम्बेसेडरच्या आधीच्या लँडमास्टरपासून शेवटच्या अ‍ॅम्बेसेडरपर्यंत. फियाटचं घराणं दुसरीकडे: डुक्कर फियाट, पद्मिनी, ११८ एनई, आणि त्यांच्या शेजारी मल्टिजेटवाली स्विफ्ट आणि विस्टा, बॉनेट उघडी ठेवून. काँटेसा मूळची ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलची, ती त्याच नावाने येऊ द्या. १९९५पासून पुण्यात टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळलेल्या मर्सिडीज कोणाकडे असतील, तर त्या जर्मनीच्या कोपऱ्यात नकोत, टाटांच्या ट्रकशी असलेल्या त्यांच्या जुन्या सोयरिकीसकट उभ्या करा. इलेक्ट्रिक गाड्यांची रांग शेवटी ठेवा आणि मालकांना बॅटरीचे सेल कुठून आले ते पाटीवर लिहायला सांगा. बहुतेक पाट्यांवर चीन येईल, मग चर्चेला रंग चढेल.

वयाची अट वीस वर्षांवर आणा. परीक्षकांच्या टेबलाशी एक खुर्ची मिस्त्र्याला द्या, आणि त्याला मत द्यायचा हक्कही द्या, नुसता शाल-श्रीफळ नको. मतदान करायचंच असेल तर 'कोणता देश भारी' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी विचारा, की ही गाडी ज्या रस्त्यासाठी, ज्या खिशासाठी काढली होती, त्याला ती किती जागली? त्या कसोटीवर स्टँडर्ड २००० हरेल, मारुती ८०० जिंकेल, असा माझा अंदाज. तुमचा वेगळा असेल तर तर्री-पोह्यांचे पैसे माझे.

व्यवस्थेचं एक. मैदानात सावली बघून जुन्या गाड्यांना जागा द्या. हिवाळा असला तरी दुपारी अकरानंतर आपलं ऊन कोणाचं ऐकत नाही. माझ्याकडून एक टेबल लागेल: सात इंची दिवा आणि आजचा एलईडी दिवा शेजारी शेजारी, इंची आणि एमएमच्या पान्यांच्या दोन पेट्या, कापून उघडलेला एक पंप. पोरांना हात लावू द्यायचा, काचेच्या आत काही ठेवणार नाही.

आणि त्या पांढऱ्या ११८ एनईच्या मालकांना निरोप द्या. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलने जुन्या रबराचे हाल होतात. मेळाव्याआधी पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, आणि टाकीपासूनच्या रबरी नळ्या बदलून घ्या म्हणावं. डायफ्रॅमचे दोन डबे माझ्याकडे शिल्लक आहेत, एक त्यांच्या नावाने बाजूला काढून ठेवला आहे. सोमवारी दुकान बंद असतं.

तुमचाच,
काउंटरच्या अलीकडचा एक नागपूरकर